फ्रान्समध्ये नव्याने आलात? डाएट राहू द्या, आधी जेवणाच्या वेळा धरा

शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लग्नानंतर जोडीदारासोबत फ्रान्सला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या महिन्याभरातच एक प्रश्न पडतो. इथली माणसं लोणी खातात, चीज खातात, पांढरा पाव तर जवळजवळ प्रत्येक जेवणाला खातात, दुपारी गोड खाल्ल्याशिवाय टेबलावरून उठत नाहीत. तरी ट्राममध्ये, ऑफिसात, बाजारात पाहावं तर बरेच जण सडसडीत. कॅलरी मोजत बसलेलं कुणी सहसा दिसत नाही. आपल्याकडून आलेले अनेक जण मात्र भात सोडून, तूप सोडून, रात्री नुसती फळं खाऊनही वर्षभरात कपडे घट्ट झाल्याचं सांगतात.

मी लिऑनमध्ये राहते. नव्याने येणाऱ्या मुलामुलींना आणि कुटुंबांना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. फ्रेंच माणसाच्या बांध्याचं कारण त्याच्या ताटातल्या पदार्थांत शोधू नका, असं माझं ठाम मत आहे. कधी खायचं, किती वेळ बसून खायचं आणि कधी काहीच खायचं नाही, हे या समाजाने ठरवून ठेवलेलं आहे. ते ठरलेलं असल्यामुळे एकेकट्या माणसाला रोज मनाशी झगडावं लागत नाही. तुम्ही त्या चौकटीत शिरलात की पुष्कळसं काम आपोआप होतं.

आधी एक गैरसमज दूर करते. फ्रान्समध्ये सगळेच बारीक आहेत, हे खरं नाही. २०२० च्या देशव्यापी पाहणीत १७ टक्के प्रौढ लठ्ठ आढळले. १९९७ मध्ये हेच प्रमाण ८.५ टक्के होतं. अमेरिकेत ते ४० टक्क्यांच्या वर गेलं आहे, त्या मानाने फ्रान्स सावरलेला आहे इतकंच. उत्तरेकडच्या जुन्या खाणी-गिरण्यांच्या पट्ट्यात लठ्ठपणा जास्त आहे, पॅरिसच्या परिसरात कमी. ज्या घरांतून जेवणाची जुनी शिस्त गेली आणि तयार पाकिटबंद खाणं आलं, तिथे वजनं वाढली. बायकांवर बारीक दिसण्याचं दडपणही इथे मोठं आहे. भरपूर प्रथिनं खाऊन झटपट वजन उतरवायचं ड्युकान डाएट याच देशात जन्माला आलं. अति कृश मॉडेलना काम देऊ नये म्हणून डॉक्टरी प्रमाणपत्राची अट घालावी लागली, आणि २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर संगणकावर बारीक केलं असेल तर तसं छापावं लागतं. त्यामुळे मासिकांतल्या बायका हे आपलं माप ठेवू नका. शिकण्यासारखं आहे ते साध्या घरांतलं रोजचं जेवण.

पहिली पायरी: घड्याळ

फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने २०१० मध्ये लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला. त्यात दिसलं की दुपारी एक वाजता निम्मा देश जेवत असतो. दिवसाकाठी जेवणाखाण्यात सरासरी २ तास २२ मिनिटं जातात, आणि १९८६ च्या तुलनेत हा वेळ कमी न होता वाढला होता. इतर बऱ्याच ठिकाणी जेवण घाईचं होत असताना इथे ते तसं झालं नाही, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

वेळा साधारण अशा. सकाळी सात-आठला न्याहारी. दुपारी बारा ते दीडच्या मध्ये जेवण. रात्री साडेसात ते साडेआठला जेवण. लहान मुलांना दुपारी साडेचारला खाऊ. मधल्या वेळात पाणी, कोरी कॉफी, बिनसाखरेचा चहा. बस्स.

याची व्यवस्थाच सगळीकडे आहे. लहान गावांत आणि बऱ्याच शहरी उपाहारगृहांत दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सातलाच उघडतं. तीन वाजता भूक लागली म्हणून गेलात तर कॉफी मिळेल, जेवण मिळणार नाही. ऑफिसात संगणकासमोर डबा उघडून बसणं विचित्र दिसतं. कामाच्या जागेवर जेवू देऊ नये, असा नियमच इथल्या कामगार कायद्यात आहे. कोविडच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तो तात्पुरता शिथिल करावा लागला होता. शाळांमधली खाऊ-पेयांची यंत्रं २००५ पासून बंद आहेत. कोल्ड्रिंकचा पेला हवा तितक्या वेळा फुकट भरून देण्याची पद्धत २०१७ मध्ये कायद्याने थांबवली.

तुम्ही सुरुवात अशी करा. पहिला आठवडा काय खाता याकडे लक्षच देऊ नका. जे खाता तेच खा, फक्त तीन वेळांना, बसून, ताटात वाढून घेऊन. चारचा चहा सुटत नसेल तर चहा ठेवा, सोबतचं बिस्कीट आणि फरसाण काढा. गावाहून आलेला चकली-चिवड्याचा डबा टेबलावर उघडा ठेवू नका. तो जेवणाच्या ताटात वाढून घ्या, मजेत खा. पहिले चार-पाच दिवस पाच-सहाच्या सुमाराला पोटात कालवेल. ही भूक आजार नव्हे. दोनेक तासांत जेवण आहे, हे शरीराला एकदा कळलं की ती शांतपणे थांबते, आणि जेवणाला चव येते. नवऱ्या-बायकोने मिळून हे केलं तर फार सोपं जातं. घरातला एक जण टीव्हीसमोर वाटी घेऊन बसला असेल तर दुसऱ्याचा निश्चय कितीसा टिकणार?

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र जेवणाच्या वेळा आणि मधलं खाणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

दुसरी पायरी: दुपारचं जेवण नीट बांधा

इथलं जेवण एकदम वाढत नाहीत, पाठोपाठ वाढतात. आधी आंत्रे, म्हणजे सुरुवातीचा थंड किंवा गरम छोटा पदार्थ. मग प्ला, म्हणजे मुख्य पदार्थ. मग चीज किंवा दही, आणि शेवटी फळ किंवा गोड. नवख्याला वाटतं, बापरे, चार वाढपं! पण प्रत्येक वाढप लहान असतं, आणि पहिलं बहुतेक वेळा भाजीचं असतं. किसलेलं गाजर, उकडलेलं बीट, टोमॅटो, काकडी, मुळा, वाफवलेला लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी). भूक सगळ्यात तीव्र असते तेव्हा समोर भाजी येते, आणि भात-बटाटा-पाव येईपर्यंत तिची धार गेलेली असते. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला वीसेक मिनिटं लागतात असं मानतात. पाठोपाठच्या वाढपांत ती मिनिटं सहज निघून जातात.

२००३ मध्ये पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांतल्या उपाहारगृहांतली वाढपं वजन करून पाहिली. पॅरिसमध्ये सरासरी २७७ ग्रॅम, फिलाडेल्फियात ३४६. म्हणजे तिथे सुमारे पाव पट जास्त. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण. मॅकडोनल्ड्समध्येसुद्धा पॅरिसचा माणूस सरासरी २२ मिनिटं बसत होता, फिलाडेल्फियाचा १४. कमी अन्न, जास्त वेळ. यात कुणी उपाशी राहिलेलं नाही.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे विद्यापीठाचं उपाहारगृह. ते क्रूस नावाची सरकारी यंत्रणा चालवते. तिथे सवलतीच्या दरात ट्रेवर मुख्य पदार्थ आणि सोबत एक-दोन छोट्या वाट्या घेता येतात. शिष्यवृत्ती मिळणाऱ्या विद्यार्थ्यांना २०२० पासून हे जेवण १ युरोत मिळतं. खोलीवर दोन मिनिटांच्या नूडल्स करण्यापेक्षा हे स्वस्तही आणि चांगलंही. वाट्या निवडताना एक कच्च्या भाजीची घ्या, दुसरी फळाची किंवा दह्याची. दोन्ही गोडाच्या घ्यायचा मोह पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच होतो.

नोकरीवर असाल तर कंपनी जेवणाची कुपनं देते का, ते विचारून घ्या. त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त वाटा कंपनी भरते. बाहेर जेवताना काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेला ‘प्ला द्यु जूर’, म्हणजे त्या दिवसाचा पदार्थ, बघा. तो सहसा ताजा असतो. ‘फोर्म्युल’ घेतलीत तर दोन वाढपं ठरलेल्या किमतीत मिळतात. त्यात आंत्रे आणि प्ला घ्या, आणि गोड हवंच असेल तर एखाद्या दिवशी आंत्रे सोडून ते घ्या. पाण्यासाठी ‘युन काराफ दो’ म्हणा. नळाचं पाणी जगभरून टेबलावर येतं आणि जेवणासोबत त्याचे पैसे पडत नाहीत. कोल्ड्रिंक जेवणासोबत पिण्याची सवय लागली असेल तर ती मोडायला याहून सोपी जागा नाही. टेबलावर पाणी असतंच.

आणि सहकारी बारा वाजता ‘जेवायला चाललो’ म्हणतील तेव्हा उठून त्यांच्याबरोबर जा. फ्रेंच येत नसेल तरी जा. भाषा तिथेच येते, आणि एकत्र जेवताना माणूस हळू जेवतो. डबा नेत असाल तर तो ऑफिसच्या जेवणघरात त्यांच्यासोबत बसून खा. आपली बटाट्याची भाजी-पोळी बघून चार जण चौकशी करतील. त्यांना चव घ्यायला द्या.

तिसरी पायरी: रात्रीचं जेवण हलकं, पण जेवणच

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, फ्रेंच लोक रात्री तीन-चार पदार्थांची मेजवानी करतात. ते पाहुणे आले की. एरवी मंगळवारच्या रात्री मध्यमवर्गीय घरात काय असतं? सूप, पाव, चीजचा तुकडा, सॅलड, दही. किंवा ऑम्लेट आणि हिरवी पानं. किंवा पास्ता आणि वर भाजी. दुपारचं जेवण मुख्य, रात्रीचं साधं.

दोन गोष्टी करायला शिका, थंडीचे महिने सुखाचे जातील.

लीक-बटाट्याचं सूप: तीन लीक घ्या. लीक उभे चिरून पानांच्या आतली माती नीट धुवा, ती फार असते. पांढरा आणि फिका हिरवा भाग चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या लोण्यावर मंद आचेवर दहा मिनिटं परता, लाल होऊ देऊ नका. दोन-तीन बटाटे फोडी करून घाला, लिटरभर पाणी, मीठ. बटाटा मऊ झाला की घुसळा. वरून मिरपूड. दोघांना दोन दिवस पुरतं. ज्यांना हे फिकं लागेल त्यांनी जिऱ्याची फोडणी द्यावी, मी देते.

विनेग्रेत: वाटीत एक चमचा दिजों मोहरीची तयार पेस्ट, एक मोठा चमचा व्हिनेगर, मीठ, मिरपूड. ढवळत ढवळत तीन मोठे चमचे तेल. एवढंच. बाटलीतली तयार ड्रेसिंग विकत घेऊ नका. या एका गोष्टीने घरात सॅलड रोज खाल्लं जातं, कारण गाजर किसलं आणि हे घातलं की पाच मिनिटांत आंत्रे तयार. पुईच्या हिरव्या मसुरा शिजवून कोमट असताना विनेग्रेतमध्ये कालवल्या आणि वर बारीक कांदा घातला, तर ते रात्रीचं पूर्ण जेवण होतं. ओव्हेर्न्य भागातल्या पुई गावाच्या परिसरातल्या या मसुरांना १९९६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या शिजून फुटत नाहीत. शाकाहारी माणसाने पहिल्याच आठवड्यात पाकीट आणून ठेवावं.

चौथी पायरी: पाव आणि बाजार

सुपरमार्केटच्या मोठ्या गाडीत आठवड्याचं सामान भरणं टाळता आलं तर टाळा. इथे जवळजवळ प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक-दोनदा उघड्यावर बाजार भरतो. पॅरिसला बास्तीयचा बाजार गुरुवारी आणि रविवारी असतो, अलीग्रचा सोमवार सोडून रोज. तुमच्या भागातले वार नगरपालिकेच्या संकेतस्थळावर मिळतील. सकाळी जा, दीडच्या सुमाराला सगळं आवरतात. आवरायच्या वेळी भाव उतरतात, पण निवड उरत नाही.

दुकानदाराला आधी ‘बोंजूर’ म्हणायचं, मग बोलायचं. हे विसरलात तर तो तुटक वागेल, आणि ते तुमच्या रंगामुळे आहे असं तुम्हाला उगाच वाटेल. बऱ्याच ठिकाणी भाजी-फळं गिऱ्हाइकाने हाताळलेली चालत नाहीत, तोच निवडून देतो. खरबूज किंवा अव्होकाडो मागितला की विचारेल, आज खायचा की उद्या? मग त्या बेताने पिकलेला शोधून देईल. तुम्ही काय खाणार आणि कधी खाणार, याची काळजी करणारा माणूस समोर असला की घरी आणलेलं फळ सडत नाही, खाल्लं जातं. थैली खांद्याला लावून चालत घरी या. चालणं हासुद्धा या सगळ्याचा भाग आहे. मेट्रोचे जिने, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींचे चार-चार मजले, पावासाठी रोजची फेरी. व्यायाम म्हणून कुणी हे करत नाही, पण पाय दिवसभर चालत राहतात.

पावाची भीती बाळगू नका. फक्त चांगला पाव घ्या. बूलाँजरीत, म्हणजे पाववाल्याच्या दुकानात, नुसती बॅगेट न मागता ‘त्रादिस्यों’ मागा. १९९३ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ती पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचीच असावी लागते, तिच्यात रासायनिक भर घालता येत नाही, आणि पीठ गोठवता येत नाही. संध्याकाळपर्यंत ती कडक होते, म्हणून रोज लागेल तेवढीच आणतात. बॅगेट बनवण्याच्या कारागिरीची युनेस्कोने २०२२ मध्ये वारसा म्हणून नोंद केली, ती याच रोजच्या पावासाठी. एक बॅगेट साधारण २५० ग्रॅमची. एकटे असाल तर अर्धी मागा, बिनदिक्कत देतात. जेवणासोबत दोन-चार तुकडे, बस. क्रोसाँ हा रविवार सकाळचा पदार्थ आहे. रोज न्याहारीला क्रोसाँ खाणारे फ्रेंच मी फारसे पाहिलेले नाहीत, पर्यटक पाहिले आहेत. घरात सकाळी पावाचा तुकडा, त्यावर लोणी, मुरंबा आणि मोठ्या कपात कॉफी असते.

पाकिटबंद वस्तू घ्यावीच लागली तर पुढच्या बाजूला न्यूट्रिस्कोअर बघा. २०१७ पासून आलेली ही हिरव्या ‘ए’ पासून लाल ‘ई’ पर्यंतची खूण आहे. कंपन्यांवर तिची सक्ती नाही. पण दोन बिस्किटांत किंवा दोन सिरियलमध्ये निवड करायची असेल तर उपयोगी पडते. चीज आणि तेलाला तिच्यावरून नापास करू नका, ते थोडंच खायचं असतं.

चीजबद्दल, आणि शाकाहारी वाचकांसाठी

फ्रेंच माणूस चीज खातो म्हणजे साधारण ३० ग्रॅमचा तुकडा खातो, जेवणाच्या शेवटी, पावासोबत. पिझ्झ्यावर, सँडविचमध्ये, भाजीवर किसून, अशी सगळीकडे चीजची पखरण केली तर ते फ्रेंच खाणं राहत नाही. दहीही १२५ ग्रॅमच्या छोट्या कपात येतं. साखर नसलेलं साधं दही घ्या, हवं तर वरून एक चमचा मुरंबा घाला. गोड केलेल्या दह्यात त्याहून जास्त साखर असते.

शाकाहारी असाल तर हे माहीत हवं, की कोंते, रोकफोर, नॉर्मंडीचं मानांकित कॅमांबेर अशा बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासरासारख्या प्राण्यांच्या पोटातलं रेनेट वापरतात. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट असलेली चीजही मिळतात, पाकिटावर बघा किंवा चीजवाल्याला विचारा. गोड मूस आणि काही मिठायांत प्राण्यांपासूनचं जिलेटिन असू शकतं. भाज्यांच्या सूपमध्ये मांसाचा रस, सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही, कारण मासा चालेल असं बरेच जण गृहीत धरतात. मांस नको, मासे नको, असं दोन्ही वेगवेगळं सांगा. राग न धरता सांगा, बहुतेक जण मनापासून काहीतरी करून देतात.

पाचवी पायरी: घरात मुलं असतील तर

शाळेच्या कांतीनमध्ये, म्हणजे जेवणघरात, मुलाला घालायला घाबरू नका. सरकारी नियमांप्रमाणे तिथे चार किंवा पाच भागांचं जेवण असतं, कच्च्या भाज्या, शिजवलेल्या भाज्या, फळं किती वेळा यायला हवीत तेही ठरलेलं असतं, आणि मुलांना बसून खायला किमान अर्धा तास मिळावा अशी अपेक्षा असते. आठवड्यातून एक जेवण शाकाहारी असतं, २०१९ मध्ये प्रयोग म्हणून सुरू झालेली ही गोष्ट २०२१ च्या कायद्याने कायम झाली. मांस न खाणाऱ्या मुलांसाठी रोजचा पर्याय प्रत्येक गावात नसतो. नाव नोंदवतानाच नगरपालिकेत विचारा.

साडेचारचा खाऊ, ‘गूते’, हा दिवसातला मुलांचा हक्काचा चौथा वेळ. पाव आणि त्यात दोन-चार तुकडे चॉकलेट, एखादं फळ, दूध. तो झाला की रात्रीच्या जेवणापर्यंत काही नाही. आपल्या घरांतून मुलामागे वाटी घेऊन फिरायची सवय असते, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. प्रेमाची सवय आहे, पण तीन-चार वर्षांच्या पुढे ती थांबवावी असं मला वाटतं. फ्रेंच घरांत मुलाला प्रत्येक पदार्थ एकदा चाखावा लागतो. नाही आवडला तर संपवायची सक्ती नाही, आणि त्याच्यासाठी वेगळं काही शिजतही नाही. पुढच्या आठवड्यात तो पदार्थ पुन्हा येतो. दुधी, पडवळ, मेथी यांच्या बाबतीत हे करून बघा. सात-आठ वेळा चाखल्यावर पुष्कळ मुलं खाऊ लागतात.

सहावी पायरी: निमंत्रण आलं तर

वजन वाढण्याची खरी जागा आपेरो आहे. जेवणाआधी सहा-सातच्या सुमाराला गप्पांसोबत पेय, वेफर्स, ऑलिव्ह, खारे दाणे, सॉसेज. फ्रेंच लोक इथे दोन-तीन गोष्टी उचलतात आणि बोलत बसतात. आपण भुकेले असतो, जेवण नऊला येणार हे माहीत नसतं, आणि वाटी रिकामी होते. अशा दिवशी दुपारचं जेवण चुकवून जाऊ नका.

जेवताना यजमान दुसऱ्यांदा वाढायला एकदाच विचारतात. आपल्यासारखा आग्रह नसतो, म्हणून शिष्टाचार म्हणून नको म्हटलंत तर खरोखर वाढणार नाहीत. उलट, खरंच नको असेल तर कुणी रागावत नाही. ज्यांच्या पंगतीत जिलबी नको म्हणणं म्हणजे अपमान असतो, त्या आपल्याला हा मोकळेपणा अनुभवायला हवा. चीजची पाटी मात्र एकदाच फिरते, ती दुसऱ्यांदा मागू नका. पावाचा तुकडा ताटात न ठेवता ताटाशेजारी टेबलावरच ठेवतात.

वाइन घ्यायलाच हवी असं कुणी समजू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लाल वाइनमुळे फ्रेंचांची हृदयं चांगली राहतात अशी चर्चा फार झाली. आज फ्रान्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचाच सल्ला आहे की आठवड्यात दहा पेल्यांपेक्षा जास्त नको, दिवसाला दोनपेक्षा जास्त नको, आणि काही दिवस अजिबात नको. पीत नसाल तर सुरू करण्याचं काही कारण नाही.

सातवी पायरी: आपला स्वयंपाक या चौकटीत बसवा

भात-वरण सोडून फ्रेंच व्हायचं नाही. पॅरिसमध्ये गार दु नॉर हे रेल्वे स्थानक आणि ला शापेल ही वस्ती यांच्या दरम्यान तमिळ आणि इतर दक्षिण आशियाई किराणा दुकानांची रांग आहे. तूरडाळ, कढीपत्ता, तांदूळ, रवा, सगळं मिळतं. इतर मोठ्या शहरांतही अशी एक-दोन दुकानं असतातच. आपलं ताट मुळात नीट बांधलेलं आहे: कोशिंबीर, भाजी, आमटी, पोळी, भात, शेवटी ताक. ते फ्रेंच क्रमाने वाढून बघा. कोशिंबीर आधी आणि एकटी, मोठी वाटीभर. मग भाजी-पोळी किंवा आमटी-भात, दोन्ही एकाच वेळी नको. मग ताक. तूप भातावर चमचाभर घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. जेवण दुपारी मोठं आणि रात्री लहान करता आलं तर सगळ्यात उत्तम. दुपारी डबा असतो म्हणून थोडकं खायचं आणि रात्री नऊला सगळी भूक भागवायची, ही नोकरदार मराठी घरांची पद्धत मला सगळ्यात जास्त नडणारी वाटते.

शेवटची गोष्ट मापाची, आणि ती फ्रेंच मापाने घेऊ नका. इथले डॉक्टर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ च्या आत असला की ठीक आहे म्हणतात. दक्षिण आशियाई शरीरात मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच सुरू होतात, म्हणून आपल्यासाठी २३ पासूनच सावध व्हायचं असतं. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत हवा. आल्यावर एक नेहमीचा डॉक्टर नोंदवून घ्या. पहिल्या भेटीत आई-वडिलांना मधुमेह आहे का, हे त्यांनी विचारलं नाही तरी आपण सांगा, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी लिहून मागा. चिठ्ठी घेऊन जवळच्या प्रयोगशाळेत गेलात की रक्त घेतात, आणि निकाल बहुतेक वेळा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी हातात येतो.